घरच्यांच्या मायेने गेलेली झाडं: काय वाचेल आणि पुढच्या वेळी काय करायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही दोन आठवडे बाहेरगावी होतात. मागे सासूबाईंनी सकाळ-संध्याकाळ न चुकता सगळ्या कुंड्यांना पाणी घातलं, त्यामुळे जेड आणि अडेनियम सडायला लागलेत. दिरांनी एका सुट्टीच्या दिवशी ‘बाग साफ’ केली. त्यात गुलाब वीतभर ठेवून कापला गेला, रोपांच्या ट्रेमधलं ‘तण’ उपटलं गेलं, कॅलेडियमची ‘रिकामी’ कुंडी कोपऱ्यात ओतली गेली आणि होयाचे वाळके देठ खुडले गेले. तुम्ही आल्यावर खूश व्हाल अशीच दोघांची समजूत होती. यातलं काय वाचेल आणि त्यांना न दुखावता कसं सांगायचं, हे तुम्हाला हवंय.

आधी झाडांचं बघू. माणसांशी बोलणं दोन दिवसांनी झालं तरी चालेल, सड तेवढं थांबत नाही.

आज पहिला हात जेड आणि अडेनियमला लावा. कुंडीतून काढा, मुळांची माती हलकेच झटका आणि एखादं मूळ चिमटीत धरून ओढा. वरची साल सुटून हातात आली आणि आत नुसता दोरा उरला, तर ते मूळ मेलेलं. कडक आणि फिकट रंगाचं असेल ते जिवंत. मेलेली सगळी कापून टाका. सड खोडात चढली असेल तर खालून वर पातळ चकत्या काढत जा, छेदात तपकिरी ठिपका किंवा कडं अजिबात दिसेनासं होईपर्यंत. प्रत्येक छेदानंतर पातं स्पिरिटने पुसायचं, नाहीतर खालची सड तुम्हीच वर नेऊन लावाल. अडेनियमचा चीक विषारी असतो, हातमोजे घाला आणि डोळ्यांना हात लावू नका. कापलेले भाग सावलीत, हवेशीर जागी सुकू द्या. जेडच्या काडीला चार-सहा दिवस पुरतात, अडेनियमच्या जाड खोडाला जास्त लागतात. छेदावर कोरडी खपली धरली की भरपूर रेती किंवा परलाइट (हलके पांढरे खडे) असलेल्या कोरड्या मिश्रणात उभे करा आणि आणखी काही दिवस पाण्याचं नाव काढू नका. जेडची शेंड्याकडची टणक पानं आणि काड्या वेगळ्या काढून ठेवा. मूळ झाड गेलं तरी तीच जात तुमच्याकडे राहील.

मऊ, पाणचट, अर्धपारदर्शक झालेली पानं परत टणक होत नाहीत, त्यांच्यावर आशा ठेवू नका. अडेनियमचा खालचा फुगीर भाग बोटाने दाबून बघा. नुसता किंचित सैल लागला तर ते तहानेनेही होतं आणि भरून येतं. बोट आत रुतलं किंवा वास आला, तर मात्र कात्रीच.

अशी झाडं पाण्यात असूनही कोमेजलेली का दिसतात, हे एकदा नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर आहे. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात. गुदमरलेलं मूळ पाणी वर चढवू शकत नाही, आणि मग पिथियम, फायटोफ्थोरा यांसारखे मूळकुजीचे रोगजंतू त्यावर सहज बसतात. वर पानं मान टाकतात. मान टाकलेलं झाड बघून घरातलं कुठलंही प्रेमळ माणूस काय करेल? आणखी पाणी घालेल. सासूबाईंनी बहुधा हेच केलं. पहिल्या आठवड्यानंतर त्यांनी पाणी कमी नव्हे, वाढवलं असेल. विचारून बघा.

गुलाबाची काळजी सगळ्यांत कमी करा. तुमचा गुलाब कलमी असणार, बहुतेक असतातच. बुंध्याशी जी गाठ दिसते तो कलमाचा सांधा. काप त्या गाठीच्या वर असेल, चार बोटंही असेल, तरी गुलाब फुटतो. वीतभर म्हणजे उलट चांगलाच राखलाय. खत घालू नका. पानंच नाहीत तेव्हा खताचा उपयोग नाही, उलट नव्या कोवळ्या मुळांना त्रास. पाणीही आधीपेक्षा कमी द्या, कारण ते उडवणारी पानं गेली. कडक ऊन असेल तर उघड्या पडलेल्या फांद्यांना दुपारची सावली करा. नवे फुटवे वीतभर झाले की मग खत. फक्त फुटवा कुठून येतोय यावर लक्ष ठेवा. गाठीच्या खालून येणारा धुमारा खुंटाचा, म्हणजे ज्यावर कलम बांधलंय त्या खालच्या झाडाचा असतो, तो जोमाने वाढून वरच्या जातीला उपाशी मारतो. त्याला कापून उपयोग नाही, जिथून निघालाय तिथून ओढून तोडा. सात पानांचा तो खुंट आणि पाच पानांचा तो गुलाब हा नियम बऱ्याच जणांना पाठ असतो. त्यावर विसंबू नका, कितीतरी चांगल्या जातींना सात पर्णिका येतात. उगम बघा.

रोपांचा ट्रे गेला असं धरून चाला. उपटलेलं रोप त्याच घटकेला परत लावलं तर कधीकधी जगतं. दोन दिवसांनी नाही, आणि सोटमूळवाली तर मुळीच नाहीत. पण ट्रेमधली माती फेकू नका. मिरचीसारखं बी उगवायला दोन-तीन आठवडेही घेतं, तेव्हा मागाहून येणारी काही त्यात असतील. ट्रे ओलसर ठेवा आणि शेजारी नवं बी पेरा.

कॅलेडियमच्या बाबतीत मात्र तुमचं नशीब जोरावर आहे. कंद सुप्तावस्थेत असताना मातीबाहेर काही दिवस राहिला तर त्याचं फारसं बिघडत नाही. ओतलेली माती चाळा, कंद वेचा, मऊ पडलेला भाग कापा, छेद सुकू द्या आणि कोरड्या कोकोपीटमध्ये उबदार जागी ठेवून द्या. होयाला मात्र चटका बसलाय. बहुतेक होया त्याच जुन्या, वाळकट दिसणाऱ्या देठावर पुन्हा पुन्हा फुलतात, दर बहराला तो देठ थोडा लांबतो. देठ खुडला म्हणजे वेलीला तो नव्याने तयार करावा लागणार. वेल धडधाकट आहे, फुलांसाठी थांबावं लागेल इतकंच.

आता तुम्हाला एक सूचना, कारण मी बघितलंय त्यात निम्मं नुकसान दुसऱ्या फेरीत होतं. घरच्यांनी पाणी जास्त घातलं म्हणून बागवाली व्यक्ती घाबरून त्याच दिवशी कुंडी बदलते, खत देते, बुरशीनाशक ओतते, झाड उन्हात नेऊन ठेवते. सावलीला सरावलेलं पान एकदम कडक उन्हात गेलं की करपून पांढरं पडतं आणि ते पान पुन्हा हिरवं होत नाही. सडलेल्यांना आज हात लावा. बाकीच्या सगळ्यांना नुसतं पाणी बंद आणि वारा चालू. माती वाफशावर, म्हणजे ओलसर पण चिखल नाही अशा स्थितीत येऊ द्या, मग काय ते ठरवा.

झाडांचं झालं, आता मुळावर येऊ. सासूबाई आणि दीर यांचं वागणं तुम्हाला बेपर्वाईचं वाटतंय, पण ते तसं नव्हतं. दोघांनी झाडाकडे पाहिलं, त्यांना खूण दिसली, आणि जगात सगळीकडे चालतो तोच अर्थ त्यांनी लावला. कोमेजलं म्हणजे तहान. पानं नाहीत म्हणजे मेलं. वाळलं म्हणजे कचरा. ओळखीचं नाही म्हणजे तण. शंभरातल्या नव्वद वेळा हे बरोबरही असतं. तुमच्या बागेत नेमकी उरलेली दहाची गर्दी आहे आणि ती कुठली, हे फक्त तुम्हाला माहीत आहे. बाग लावणाऱ्यांची ही जुनी खोड, सगळं डोक्यात ठेवायचं. माणूस गावाला गेलं की डोकंही सोबत जातं.

म्हणून घरातल्यांना शहाणं करण्यापेक्षा कुंड्यांनाच बोलायला शिकवणं सोपं पडतं. सुप्त कंदांची कुंडी आडवी करून ठेवा. आडव्या कुंडीला कोणी पाणी घालत नाही, ती रिकामी समजून कोणी ओतत नाही, आणि कंदाला हवा असलेला कोरडेपणाही आपोआप मिळतो. बी फोकून न देता सरळ ओळीत पेरा आणि ओळीच्या दोन्ही टोकांना काडी रोवा. ओळीत उगवलेलं दिसलं की अनोळखी माणसाचा हातही थबकतो. तण ओळीत उगवत नाही हे कोणाला शिकवावं लागत नाही. ट्रेवर जाळीचं झाकण टाका. कटिंग्ज लावलेल्या कुंडीवर तारीख लिहा, ‘मुळं फुटली का’ म्हणून उपसून बघणारे प्रत्येक घरात असतात. आणि नावाच्या पट्ट्या कुंडीच्या कडेला खोचण्याऐवजी मातीत खोल पुरा किंवा कुंडीच्या बुडाशी लिहा. सगळ्या पट्ट्या गोळा करून, स्वच्छ धुऊन, रबर लावून ठेवलेलं बघितलंय मी. पंचवीस जातींची लिली त्या दिवसापासून नुसती लिली झाली.

पाण्याचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो. ‘सगळ्यांना रोज थोडं थोडं पाणी घाला’ ही आपण देतो ती सगळ्यांत वाईट सूचना. थोडं थोडं घातल्याने काही कुंड्यांची वरची माती ओली दिसते आणि तळ कोरडा राहतो, तर निचरा कमी असलेल्या कुंड्या कायम चिखलात राहतात. दोन आठवड्यांसाठी जाणार असाल तर जेड, अडेनियम, निवडुंग, सर्पपर्णी यांना पाण्याची गरजच नाही. ती झाडं जाण्याआधी उचलून दुसऱ्या उजेडाच्या खोलीत ठेवा. सूचना देण्यापेक्षा कुंडी नजरेआड करणं शंभर पटीने खात्रीचं. उरलेल्या कुंड्या तहानेप्रमाणे एकत्र करा, एक गट रोजचा, एक तीन दिवसांआडचा, आणि प्रत्येक गटाजवळ मापाचं भांडं ठेवा. सासूबाईंना ‘बोट दोन पेरं मातीत घाला, ओलं लागलं तर आज नाही’ एवढं दाखवा. सांगू नका, त्यांचं बोट त्यांच्या हाताने घालायला लावा. जुनं कोकोपीट पार कोरडं झालं असेल तर पाणी कडेने निसटून खालून वाहतं आणि आतला गोळा कोरडाच राहतो. ती कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात बुडवून ठेवायची, हेही तेव्हाच दाखवून टाका.

आता घरात एकच नियम लावा, आणि तो लहान ठेवा. कापणं, उपटणं आणि फवारणं, या तीन गोष्टी विचारल्याशिवाय नाही. हव्या तर आधी फोटो पाठवा. हलवलेली कुंडी परत हलवता येते, कापलेला शेंडा परत चिकटत नाही.

या तीनमधली प्रत्येक गोष्ट वाटते त्यापेक्षा कडक आहे. कापण्याचं घ्या. गुलाब, जास्वंद, बोगनवेल नव्या फुटीवर फुलतात, त्यांना कात्री सोसते. मोठ्या पानांची हायड्रेंजिया बहुतेक वेळा गेल्या हंगामाच्या काडीवर फुलते, तिची अवेळी छाटणी केली तर एक बहर गेला. पाम तर वेगळाच. त्याच्या एका खोडाला वाढीचा कोंब एकच असतो, शेंड्याला. उंची आटोक्यात ठेवायला म्हणून कोणी तो छाटला की ते खोड संपलं, बाजूने फुटत नाही. फॅलेनॉप्सिस ऑर्किडची कुंडीबाहेर लोंबणारी करडी मुळं ‘पसारा’ म्हणून कापली जातात. ती हवेतून ओल घेणारी जिवंत मुळं आहेत, ओली झाली की हिरवी दिसतात. आणि जमिनीतल्या कोवळ्या झाडाभोवतीचं गवत ब्रशकटरने काढताना दोरी खोडाला घासली, तर धोका पानं मान टाकेपर्यंत कळत नाही. पानांतलं अन्न खाली नेणारा थर सालीतच असतो आणि नव्या वाढीचा थर तिच्या लगेच खाली. साल चहूबाजूंनी गेली की मुळं उपाशी मरतात. खोडाभोवती प्लॅस्टिकची सैल नळी बसवा किंवा हातभर गोल गवतच राहू देऊ नका, म्हणजे यंत्र तिथे जाणारच नाही. एका बाजूचीच साल गेली असेल तर फाटलेल्या कडा धारदार चाकूने साफ करा आणि जखम उघडी ठेवा. लेप लावण्याने फायदा होत नाही.

फवारण्याचं संकट सगळ्यांत वाईट, कारण ते उशिरा दिसतं. ग्लायफोसेट १९७४ पासून बाजारात आहे आणि ते पानातून शिरून मुळापर्यंत जातं. फवारलेल्या दिवशी झाड ठणठणीत दिसतं, पिवळं पडायला काही दिवस लागतात, तोवर ‘आपण काही केलं नाही’ असं सगळ्यांना प्रामाणिकपणे वाटत असतं. चुकून उडाल्याचं लगेच कळलं तर भरपूर पाण्याने पानं धुवा. टू-फोर-डी या तणनाशकाची तऱ्हा निराळी. ते वाढीच्या संप्रेरकासारखं वागतं, म्हणून पानं पिळवटतात आणि अरुंद होतात. टोमॅटो, द्राक्ष, कापूस यांना त्याचा अंशही सोसत नाही, तणनाशक मारून नुसता विसळलेला पंपही पुरतो. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा, त्यावर लाल रंग फासा आणि कडीकुलपात ठेवा. यात कुणाच्या समजूतदारपणावर विसंबू नका.

तणांवर मीठ टाकणारे आणि ‘झाड जोमात यावं’ म्हणून चमचाभर जास्त युरिया देणारे एकाच वर्गातले. युरियात ४६ टक्के नत्र असतं, छोट्या कुंडीला एक चमचा म्हणजे फार झालं. दोन्हींत क्षार वाढून मुळांतलं पाणी उलट बाहेर ओढलं जातं आणि पानांच्या कडा करपतात. अतिपाण्यानंतर पाणी तोडायचं असतं, इथे मात्र उलट करायचं. निचरा चांगला असेल तर कुंडीच्या मापाच्या तीन-चार पट पाणी सावकाश ओतून सगळं खालून वाहून जाऊ द्या.

आणखी एक वर्ग आहे, किडे वेचणारा. लेडीबर्ड भुंग्याची अळी काळी, लांबुळकी, नारिंगी ठिपक्यांची आणि दिसायला भीतीदायक असते, पण ती मावा खाते. क्रिप्टोलीमस भुंग्याची अळी तर मिलीबगसारखीच (पिठ्या ढेकणासारखी) पांढऱ्या मेणाने झाकलेली, आणि तिचं खाणं मिलीबगच. १८९१ मध्ये आल्बर्ट कोबेले या कीटकशास्त्रज्ञाने हा भुंगा ऑस्ट्रेलियातून कॅलिफोर्नियात नेला तो या कामासाठीच. घरच्या माणसाने कापसाचा बोळा घेऊन दोघांनाही पुसून काढलं तर त्याला दोष कसा देणार? फरक चालीत असतो. मिलीबग जवळजवळ जागचा हलत नाही, ही अळी मोठी असते आणि चालताना दिसते.

बोलण्याबद्दल. ‘असू दे, काही नाही झालं’ असं म्हणू नका. मोठ्यांचं मन राखायला आपण तसं बोलतो आणि पुढच्या सुट्टीत तेच पुन्हा होतं. सासूबाईंना सडलेलं मूळ हातात द्या, त्या स्वतः ओढून बघतील. ‘हे झाड पानातच पाणी साठवतं, म्हणून रोजचं त्याला जड झालं’ हे एक वाक्य पुरे. तुम्ही रोज न विसरता घातलंत म्हणून बाकीच्या कुंड्या टवटवीत राहिल्या, हेही सांगा, कारण ते खरं आहे. दिरांशी बोलताना चार चुकांची यादी वाचू नका. गुलाब फुटणार आहे, कंद मिळाले, हे आधी सांगा, मग होयाचा देठ दाखवा. बागेत पाऊल टाकू नका असं तर बजावूच नका. त्या दिवसापासून बागेचं कोणी बघत नाही, आणि तुम्ही आजारी पडलात तर पाणी घालायला माणूस राहत नाही.

त्यापेक्षा ज्याच्या हाताला जे करायची खाज आहे, ते सोसणारं झाड त्याच्या नावावर करा. सासूबाईंना पाणी घालायचंच आहे, तर कर्दळ किंवा छत्रीगवत द्या. छत्रीगवताची कुंडी पाण्याने भरलेल्या परातीत कायम उभी राहिली तरी त्याला आनंदच. दिरांना बोगनवेल किंवा मेंदीचं कुंपण द्या, वाटेल तितकं कापू देत, बोगनवेलीची छाटणी फक्त एक बहर ओसरल्यावर करायला सांगा. तुमची बाग मात्र दोन ठिकाणी असू द्या. जी जात परत मिळणं कठीण त्याची एक काडी जवळच्या कुणा बागवाल्याकडे लावून ठेवा. जेडच्या ज्या काड्या आज वाचतील, त्यातल्या दोन आधी तिकडे पाठवा.